पाईक, शिपाई आणि मुलकी माणूस : ख्रिस्ती भक्तीतील सैनिकरूपकाचा एक दुर्लक्षित पक्ष

ख्रिस्ती श्रद्धा सैनिकाच्या निष्ठेने जगावी, सैनिकाप्रमाणेच तिच्यासाठी सर्वस्वावर पाणी सोडावे, ही कल्पना ख्रिस्ती वाङ्मयाइतकीच जुनी आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात श्रद्धावंताच्या अंगावर एकेक करून चिलखत, कमरबंद, ढाल, शिरस्त्राण आणि तलवार चढवली जाते. पायांत मात्र शांतीच्या सुवार्तेची पायताणे असतात, हा विरोधाभास टीकाकारांनी वारंवार न्याहाळला आहे. आडोल्फ हार्नाक याने १९०५ साली 'मिलिशिया ख्रिस्ती' हा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून या रूपकाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली : हा सैनिक लढतो कोणाशी? शत्रू जोवर अंतरात आहे तोवर रूपक निर्मळ, आणि तो रक्तामांसाचा झाला की रूपक भ्रष्ट, असा एक सोयीस्कर निवाडा त्यातून रूढ झाला. हा निवाडा अपुरा आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. सैनिकाच्या प्रत्येक चित्रात शत्रूखेरीज आणखी एक माणूस असतो, किंवा असायला हवा. तो लढत नाही. ज्याच्यासाठी, ज्याच्या जिवावर किंवा ज्याच्या अंगणात लढाई चालते तो हा माणूस. आपल्या कारभारी मराठीत 'लष्करी' या शब्दाला जोडून येणारा 'मुलकी' हा शब्द त्याला नेमका लागू पडतो. रूपकात या मुलकी माणसाला जागा आहे की नाही, हा प्रश्न मी येथे विचारू इच्छितो.

प्रश्नाचे मूळ पौलाच्या परंपरेतच सापडते. तीमथ्याला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात ख्रिस्ताच्या चांगल्या सैनिकाने दुःख सोसावे, आणि शिपाईगिरी करणाऱ्याने संसाराच्या व्यवहारांत गुंतू नये, असा उपदेश आहे. येथे मुलकी जीवन अवतरते ते अडथळा म्हणून. लॅटिन ख्रिस्ती परंपरेने हे अंतर आणखी वाढवले. सैनिकाच्या शपथेला लॅटिनमध्ये जो 'साक्रामेन्टुम' शब्द होता तोच पुढे बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांना मिळाला. आणि ख्रिस्तेतरांना उद्देशून जो 'पागानुस' शब्द रूढ झाला त्याचा एक अर्थ लष्करी बोलीत 'बिनसैनिक' असा होता. ही व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. 'खेडवळ' हा दुसरा अर्थ मूळचा मानणारे विद्वानही आहेत. परंतु तेर्तुलियनसारखा लेखक शपथ, छावणी आणि ध्वज यांची भाषा ज्या सहजतेने वापरतो ती पाहता श्रद्धाहीन माणूस आणि बिनसैनिक यांची सावली एकमेकांवर पडत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

या काळातील रूपकाचे तेज मात्र नाकारता येत नाही, कारण तेव्हा ते खऱ्या सैन्याच्या विरोधात उभे होते. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेबेस्सा येथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने सैन्यभरतीला नकार दिला आणि त्यापायी शिर गमावले. त्याचा युक्तिवाद असा, की मी आधीच एका धन्याचा सैनिक आहे. दुसऱ्याचा बिल्ला गळ्यात घालता येणार नाही. या वृत्तान्तात मला अधिक लक्षणीय वाटतो तो त्याचा बाप. प्रॉकॉन्सल त्याला मुलाची समजूत घालायला सांगतो, आणि आपले काय हिताचे हे मुलाला कळते असे म्हणून बाप बाजूला होतो. हुतात्मावृत्तान्ताच्या संकेताप्रमाणे तो आनंदाने घरी परततो. या आनंदाखाली काय होते हे सांगण्याची त्या वाङ्मयप्रकाराला गरज वाटली नाही.

मध्ययुगात क्लेर्व्होच्या बर्नार्डने टेंपलर योद्ध्यांची प्रशस्ती लिहिली आणि रूपक वाच्यार्थात कोसळले; तो इतिहास सर्वपरिचित आहे. त्यानंतर ते पुन्हा अंतर्मुख झाले इरॅस्मसच्या हाती. १५०३ साली छापल्या गेलेल्या त्याच्या ख्रिस्ती सैनिकाच्या हस्तपुस्तिकेचे नाव 'एन्किरिडियन' आहे. हातात मावणारे पुस्तक आणि हातात मावणारी कट्यार, असे दोन्ही अर्थ त्या ग्रीक शब्दात आहेत. पुस्तकाचा जन्मही मजेशीर आहे. इरॅस्मसने पुढे एका पत्रात सांगितल्याप्रमाणे त्याची विनंती एका स्त्रीची होती. नवरा शस्त्रांच्या दुनियेत वावरणारा, वागणुकीने सैल. त्याचे मन वळेल असे काही लिहावे, पण हे माझ्या सांगण्यावरून झाले असे त्याला कळू देऊ नये, अशी तिची अट होती. आध्यात्मिक सैनिकाचे युरोपातील सर्वाधिक वाचले गेलेले हे एक पुस्तक म्हणजे एका त्रस्त पत्नीची मागणी आहे. पुस्तकात ती कुठेही नाही.

इग्नेशियस लोयोलाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचली, आणि पुढल्या वर्षी मोन्सेरात येथे मरियेच्या वेदीपुढे रात्रभर जागून आपली तलवार तेथे ठेवली. त्याच्या 'आध्यात्मिक व्यायाम' या ग्रंथात (प्रथम मुद्रण १५४८) 'राजाची हाक' आणि 'दोन ध्वज' ही दोन ध्याने आहेत. पहिल्यात एक लौकिक राजा कल्पायचा : तो आपल्या लोकांना मोहिमेला बोलावतो आणि अट घालतो की माझ्यासारखे खावे, माझ्यासारखे ल्यावे, दिवसा माझ्याबरोबर कष्टावे आणि रात्री माझ्याबरोबर जागावे. धनी आणि चाकर यांच्यातले अंतर येथे शिध्यापुरते तरी पुसले जाते. दुसऱ्या ध्यानात बाबिलोनच्या मैदानावर धुराच्या आणि अग्नीच्या सिंहासनावर ल्युसिफर, तर जेरुसलेमच्या मैदानावर साध्या जागी ख्रिस्त. एकाची चाल संपत्तीकडून मानाकडे व मानाकडून गर्वाकडे. दुसऱ्याची दारिद्र्याकडून अपमानाकडे व अपमानाकडून नम्रतेकडे. शस्त्रांच्या जागी पराभवाची साधने ठेवणारे हे सैन्यशास्त्र जागतिक भक्तिवाङ्मयात अपूर्व आहे. इग्नेशियसच्या संघाच्या नावातील 'कोम्पान्यिया' या शब्दात लष्करी तुकडी पाहण्याची सवय अलीकडच्या इतिहासकारांनी योग्यच सोडली आहे. तो शब्द सोबत्यांच्या मेळ्यालाही लागत असे. तथापि १५४० साली पोप तिसऱ्या पॉलने मान्य केलेल्या संघाच्या मूलसूत्रात क्रुसाच्या ध्वजाखाली सैनिकी करण्याची भाषा आहे, हे विसरून चालणार नाही. दोन ध्वजांच्या मध्ये जी प्रजा आहे तिच्याकडे दोन्ही सेनापती आपापली माणसे धाडतात. प्रजा स्वतः काय म्हणते हे ध्यान विचारत नाही.

हे केवळ ध्यानापुरते राहिले नाही. मराठी वाचकाचा या परंपरेशी पहिला संबंध आला तो गोव्यातील साष्टी प्रांतात, जेथे क्रुसाचा ध्वज आणि पोर्तुगालच्या राजाचा ध्वज एकत्र फडकत होते. दंडात्मक मोहिमांत देवळे पाडली गेली होती, आणि त्या मोहिमांत मिशनरीही सामील होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुदॉल्फ आक्वाविवा याच्यासह पाच जेझुइट मारले गेले. हाच आक्वाविवा पूर्वी अकबराच्या दरबारी राहून आला होता. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करण्यासाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. चर्चने १८९३ साली पाच जेझुइटांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्या मृत्यूत बलिदानाचा अंश होता हे मी नाकारत नाही. निःशस्त्र माणूस मानेवर वार झेलतो तेव्हा त्याची श्रद्धा खरी असते. पण त्याच घटनेत मुलकी माणसाच्या वाट्याला आलेला मृत्यू कोणत्याही रूपकात बसत नाही. शत्रू अंतरात की बाहेर, या जुन्या कसोटीने येथे काहीच हाती लागत नाही. मारले गेलेले धर्मगुरू अंतःकरणाने इग्नेशियसच्या दीन ध्वजाखाली होते, आणि पायांनी दुसऱ्या ध्वजाच्या हद्दीत.

याच साष्टीत काम करणाऱ्या थॉमस स्टीफन्सने १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले. तो जेझुइटच होता, १५७९ मध्ये गोव्यात आलेला. त्याच्या काव्याची थोरवी मराठी भाषेच्या स्तवनापुरती मर्यादित ठेवण्याची आपली रीत आहे. मला येथे त्याच्या बैठकीकडे लक्ष वेधायचे आहे. नवख्रिस्ती श्रोता उठून विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काही का देत नाही? पुराण सुरू होते ते या प्रश्नाला उत्तर म्हणून. सेनापतीच्या हाकेने येथे काही घडत नाही. प्रजेतला एक माणूस तक्रार करतो आणि सांगणारा पाट मांडून बसतो. ओवीच्या आणि पुराणाच्या साच्यानेच स्टीफन्सला ही सोय दिली. मुलकी माणसाला तोंड फुटले ते रचनाप्रकाराच्या कृपेने, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र सैनिकाचे रूपक मराठीला ख्रिस्ती वाङ्मयाकडून उसने घ्यावे लागले नाही. तुकारामाच्या गाथेत 'पाईक' या शीर्षकाखाली अकरा अभंगांचा गट आहे. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांना उद्देशून ते सांगितले गेले, अशी परंपरा आहे. तिची ऐतिहासिकता काहीही असो, अभंगांतले तपशील रणाचा जवळून परिचय असल्याखेरीज येणारे नाहीत. गोळ्याबाणांचा मारा सोसणे, चोरवाटांची माहिती, झुंज पडली की धन्याच्या पुढे होणे, स्वतःला राखून दुसऱ्याला फसवणे आणि त्याचे सारे हिरावून घेणे, या सर्व गोष्टी तुकाराम सांगतो, आणि पाईकीवाचून सुख नाही हेही सांगतो. देह त्याला गवताच्या काडीसारखा आणि सोने दगडासारखे. आतापर्यंतच्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. हा पाईक प्रजेचे रक्षण करतो. परक्याचा जोर मोडून वाटा चालत्या करतो. 'प्रजा' हा शब्दच तेथे आहे. पौलपरंपरेच्या सैनिकाला अडथळा वाटणारा संसारी माणूस तुकारामाच्या पाईकाला त्याच्या कामाचे प्रयोजन वाटतो. वाट मोकळी झाली की तिच्यावरून चालणारे पाईक नसतात. ते बाजारहाटाला, वारीला, लेकीच्या गावी निघालेले असतात. वाण्याच्या घरात जन्मलेल्या कवीला वाट चालती असण्याचे मोल ठाऊक असावे, हे मी अनुमान म्हणूनच मांडतो.

'पाईक' या शब्दाचे भाग्य पुढे बदलत गेले. संस्कृत 'पदातिक', प्राकृत 'पाइक्क' यांच्याशी नाते सांगणारा हा शब्द ओडियातही आहे. अमराठी विद्यार्थ्यांना हे अभंग शिकवताना ओडिया भाषक विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे १८१७ चा पाईकांचा उठाव आणि जमिनी गमावलेले पायदळ उभे राहते, हा अनुभव मला अनेकदा आला आहे. मराठीत मात्र पाईक आज एखाद्या विचारसरणीचा अनुयायी तेवढा उरला. आपल्या मराठी बायबलने तीमथ्याच्या पत्रासाठी निवडलेला शब्द 'शिपाई' आहे. आजच्या मराठीत शिपाई बव्हंशी कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसतो आणि साहेबाची घंटा वाजली की फायली घेऊन जातो. भाषांतरकारांच्या मनात हे नव्हते. पण दारिद्र्याकडून अपमानाकडे जाणाऱ्या इग्नेशियसच्या सैन्यात या शिपायाला जागा मिळाली असती, आणि कदाचित चिलखतधाऱ्याच्या आधी मिळाली असती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दपरिवारात 'फौज' आली. ब्रिटिश सनदी नोकरीचा राजीनामा देऊन फ्रेडरिक टकर १९ सप्टेंबर १८८२ रोजी तीन सहकाऱ्यांसह मुंबईत उतरला, आणि साल्वेशन आर्मीचे भारतातील काम सुरू झाले. त्याने 'फकीरसिंग' हे नाव घेतले, देशी वेश केला, अनवाणी हिंडला. वाद्ये वाजवीत मिरवणुका काढल्याबद्दल त्याला व सहकाऱ्यांना मुंबई पोलिसांनी पकडलेही. 'मुक्तिफौज' या नावात आणि 'फकीरसिंग' या नावात एकच खटपट आहे : झोळी आणि तलवार एका खुंटीला टांगण्याची. त्यागाच्या बाबतीत टकर खोटा नव्हता. सनदी नोकरी सोडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. पण १९०८ पासून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहती सरकारने या फौजेकडे सोपवायला आरंभ केला आणि रूपकाने पुन्हा कूस बदलली. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार मानलेल्या माणसांना फौजेच्या अधिकाऱ्याकडे हजेरी द्यावी लागली. शिस्त, गणवेश आणि हुकूम यांची जी भाषा अधिकाऱ्याने स्वेच्छेने पत्करली होती, ती या माणसांवर लादलेली होती. स्वतःसाठी घेतलेले व्रत दुसऱ्यासाठी कायदा होणे हा सैनिकरूपकाचा सर्वात मोठा धोका मला वाटतो. फौजेच्या दवाखान्यांचे ऋण अहमदनगरसारख्या (आजच्या अहिल्यानगर) शहराला मान्य आहे आणि ते असावेही. दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली घडल्या.

याच अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत नारायण वामन टिळक यांचे आयुष्य बरेचसे गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे इतक्यांदा उद्धृत झाले आहे की त्या पुलावर त्यांनी काय सोबत घेतले आणि काय टाकले याची चौकशी मागे पडली. पाईक हा त्यांच्या भक्तिकाव्याचा मुख्य नायक नाही. ख्रिस्त त्यांना प्रामुख्याने माउली, गुरू, सखा या रूपांत भेटतो. परंतु १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा पाईकीचा गाभा परत आला असे दिसते : एकच धनी, पगार नाही, देह आणि सोने सारखेच हलके. नाव मात्र त्यांनी छावणीवरून घेतले नाही. दरबारात लढवय्याबरोबर फिर्यादीही येतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तशिष्य या दरबारात बसावेत अशी टिळकांची योजना होती. शपथ घेतलेला सैनिक आणि शपथेबाहेरचा 'पागानुस' यांच्यामधली लॅटिन भिंत येथे कोसळते. युरोप महायुद्धात गुंतला असताना, आणि दुसऱ्या टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध होऊन दोनच वर्षे झाली असताना, हे घडावे याला अर्थ आहे. कर्तव्य म्हणून युद्ध हा प्रश्न तेव्हा मराठी मनात ताजा होता.

दरबार टिळकांबरोबर फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रेरणेची काही सूत्रे जॅक विन्स्लो याने १९२२ मध्ये सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघात दिसतात. व्हेरिअर एल्विन १९२७ साली भारतात आला तो याच संघात. 'फौज' जाऊन 'सेवा' हा शब्द आला, याची येथे नोंद करून पुढे जातो.

कारण या सर्व वृत्तान्तात ज्या माणसाची आपण वाट पाहत होतो तो माणूस मराठीत बोलला आहे, आणि तो एक स्त्री आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) आत्मचरित्र म्हणून, स्त्रीलेखन म्हणून, विनोदाचा आदर्श म्हणून पुष्कळ अभ्यासली गेली. सैनिकरूपकाच्या संदर्भात ती कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तीमथ्याच्या पत्राने सैनिकाला ज्या संसारात गुंतू नये म्हणून सांगितले, तोच संसार या पुस्तकात बोलू लागतो. टिळक सांगितल्याशिवाय निघून जातात, घरातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होतात, आणि उद्याची चूल कशी पेटणार हा प्रश्न उरतो तो लक्ष्मीबाईंपुढे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांना लहान मुलासह नवऱ्यापासून दूर राहावे लागले, काही काळ पंढरपुरात. म्हणजे तुकारामाच्या पाईकाच्या धन्याच्याच दारात. टिळकांच्या चरित्रकाराला जो त्याग दिसतो त्याची दुसरी बाजू येथे आणे-पैशांत आणि दिवस-रात्रींत मोजली जाते.

पुस्तकाचे बळ असे, की हा हिशेब फिर्याद होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या श्रद्धेची खिल्ली उडवत नाहीत. त्यांच्या वेंधळेपणाची उडवतात, आणि स्वतःचीही. श्रद्धेचा निर्णय त्यांनी आज्ञापालन म्हणून घेतलेला नाही. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ सांभाळले. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सैनिकरूपकात धर्मांतर म्हणजे भरती. लक्ष्मीबाईंच्या कथनात ते स्वयंपाकघरातून, पाण्याच्या हंड्यावरून, कोणाच्या हातचे प्यावे या रोजच्या तिढ्यातून वाट काढत येते. त्याला ना दिवस ठरलेला आहे, ना ध्वज. त्याग येथेही आहे, आणि तो टिळकांच्या त्यागाहून कमी नाही; फक्त त्याला वीरत्वाचे नाव मिळालेले नाही. इरॅस्मसच्या पुस्तकामागे लपलेली ती पत्नी, मॅक्सिमिलियनचा मागे सरलेला बाप, असोळणेच्या किल्ल्यात गेलेले गावकार, वसाहतीत हजेरी देणारा माणूस, या सर्वांच्या वतीने लक्ष्मीबाई बोलतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या जागेवरून त्या बोलतात ती जागा त्यांचीच आहे.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभले. त्यांच्या हातून ते पुरे झाले नाही. पुढचा बराच मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला, ओव्यांमध्ये, म्हणजे स्टीफन्सच्या पुराणाच्या आणि घराघरांतल्या जात्याच्या छंदात. ख्रिस्ताच्या मृत्यूची कथा सांगण्याची वेळ आली तोवर लेखणी त्यांच्याकडे आलेली होती.